खुब्याचा घसारा कोणाच्या खाती?

मोटारसायकल विकत घेणारा मनुष्य तिच्या झिजेचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवू लागतो. ऑइल केव्हा बदलावयाचे, साखळी केव्हा ताणून घ्यावयाची, मागचा टायर आणखी किती महिने चालेल, हे त्याला तोंडपाठ असते. धंद्यासाठी वाहन वापरणाऱ्याला तर या झिजेबद्दल, म्हणजे हिशेबनिसांच्या भाषेतील घसाऱ्याबद्दल, आयकरात वजावटही मिळते. परंतु त्याच वाहनावर रोज कित्येक तास बसणाऱ्या माणसाच्या खुब्याची, कमरेची आणि मांडीची जी झीज होते, तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. घरी तिची संभावना 'वय झाले' या दोन शब्दांत होते. दवाखान्यात मलमाची नळी आणि वेदनाशामक गोळ्यांची पट्टी हाती पडते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस त्याच सीटवर बसून त्याच रस्त्याला लागतो. हे दुखणे जितके वैद्यकीय आहे तितकेच ते आर्थिकही आहे, आणि त्यावरचा खरा उपाय कोणाला परवडतो व कोणाला परवडत नाही हा प्रश्न सार्वजनिक चर्चेचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उपनगरांचा भूगोल

मुंबईच्या उपनगरांत दुचाकी एवढी का वाढली, हे समजण्यासाठी नकाशाकडे एकवार पाहिले पाहिजे. आपल्या लोकलगाड्या मुख्यतः उत्तर-दक्षिण धावतात, कारण त्यांची आखणी झाली तेव्हा नोकरी म्हणजे फोर्टातली नोकरी असे समीकरण होते. पुढे उद्योग आणि कचेऱ्या उपनगरांत आल्या. अंधेरीचे सीप्झ १९७३ साली स्थापन झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, आणि नोकरदाराचा प्रवास उभा न राहता आडवा झाला. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. नकाशावर ही दोन गावे शेजारी दिसतात. परंतु लोकलने जावयाचे तर दादरपर्यंत खाली येऊन पुन्हा वर चढावे लागते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा कोठे या आडव्या प्रवासाची रुळांवरून थेट सोय झाली, आणि तीही एकाच पट्ट्यापुरती.

तेव्हा मुलुंडला किंवा भांडुपला राहून अंधेरीला कामाला जाणाऱ्या कारकुनाने, शिक्षकाने वा तंत्रज्ञाने काय करावे? त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली आणि तो जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागला. याच रस्त्यावर २०१८ साली मेट्रोचे काम सुरू झाले. काम चालू असताना अडथळ्यांच्या पत्र्यांनी रस्त्याचा मोठा भाग व्यापला, आणि ज्या अंतराला अर्धा तास पुरावा त्याला तास लागू लागला. म्हणजे दुचाकी ही त्या माणसाची हौस नव्हे. सार्वजनिक वाहतुकीतील उणीव त्याने स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या शरीराने भरून काढली आहे.

नेमके दुखते कोठे?

मराठीत आपण खुबा, माकडहाड, जांघ आणि पाठीचा खालचा भाग या सर्वांना मिळून 'कंबर' म्हणून मोकळे होतो. उपचाराच्या दृष्टीने मात्र हा भेद महत्त्वाचा आहे. बसल्यावर ज्या दोन हाडांवर शरीराचा भार येतो, ती बैठकीची हाडे दुखत असतील तर दोष बहुधा सीटचा असतो. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला दुखत असेल तर तेथील स्नायूंचे बंध सुजलेले असण्याचा संभव असतो. नितंबातून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जात असेल तर मज्जातंतू दबला असावा. लोक त्याला सायटिका म्हणतात, आयुर्वेदाने गृध्रसी म्हटले आहे. आणि जांघेत खोलवर दुखत असेल तर खुद्द सांध्याची तपासणी केलीच पाहिजे. स्टेरॉइड औषधांच्या दीर्घ सेवनाने किंवा अति मद्यपानाने मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, आणि तेथे सीट बदलून काहीही साधत नाही.

दुचाकीवर हे दुखणे का उद्भवते, याचे कारण गूढ नाही. बसलेल्या स्थितीत खुबा काटकोनात दुमडलेला राहतो. पुढचे स्नायू आखडलेले, मागचे स्नायू शरीराच्या भाराखाली दाबलेले, आणि टाकीच्या रुंदीमुळे मांड्या फाकलेल्या, अशा एकाच अवस्थेत तासभर गेला की रक्ताभिसरण मंदावते आणि स्नायू ताठरतात. वाहनाच्या घडणीप्रमाणे त्यात फरक पडतो. पाय पुढे पसरून बसण्याच्या मोटारसायकलवर सगळा भार माकडहाडाकडे जातो. शर्यतीच्या धाटणीच्या मोटारसायकलवर गुडघे पोटाकडे येऊन खुबा अधिकच मिटतो. त्यात रस्त्याचे हादरे मिसळतात. सेकंदाला सुमारे चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना माणसाचे धड विशेष प्रतिसाद देते, हे कंपनशास्त्राने दाखवून दिले आहे. चालणाऱ्या माणसाचा खुबा क्षणोक्षणी हलतो आणि त्या हालचालीनेच तो निरोगी राहतो. दुचाकीस्वाराचा खुबा हादरे खातो, पण हलत नाही.

आपल्या भाषेला स्वारीच्या बैठकीचे ज्ञान जुने आहे. मांड ठोकणे म्हणजे मांड्यांनी घोडा धरून बसणे. भार एकट्या खोगिरावर न टाकता तो मांड्यांवर आणि रिकिबीतल्या पावलांवर वाटून घेणे. त्याच काळाने आपल्याला 'मजल दरमजल' हा शब्दप्रयोग दिला. मजल म्हणजे एका दमात काटावयाचे अंतर, आणि मजलेच्या शेवटी मुक्काम ठरलेला. घोडा थकत असे, म्हणून स्वारालाही उतरावे लागे. आजचे इंजिन थकत नाही. पेट्रोल असेतो ते चालते, आणि त्याच्याबरोबर माणसानेही चालावे अशी अपेक्षा नकळत रूढ झाली आहे.

उपाय ठाऊक आहेत

या दुखण्यावर जे उपाय आहेत ते साधे आणि बहुतांशी फुकटचे आहेत. मागच्या खिशातले जाड पाकीट आधी काढावे. त्याने कटिभाग एका बाजूला कलतो आणि नितंबातील मज्जातंतूवर दाब पडतो. टायरमधील हवा उत्पादकाने सांगितली तेवढीच ठेवावी. पुष्कळ मोटारसायकलींच्या मागील शॉक ॲब्सॉर्बरला टप्पे असतात; आपल्या वजनाप्रमाणे मेकॅनिककडून ते लावून घ्यावेत. सीट फार मऊ असणे चांगले नव्हे, कारण मऊ फोम काही महिन्यांत दबतो आणि हाडे खालच्या पत्र्यावर टेकतात. घट्ट फोमची, किंचित रुंद सीट अधिक सुखाची ठरते. सामान पाठीवर न घेता वाहनावर बांधावे. खड्डा किंवा गतिरोधक समोर दिसताच वेग कमी करून पावलांवर भार द्यावा व सीटवरून बोटभर उठावे. हादरा मग गुडघ्यांत जिरतो, मणक्यापर्यंत जात नाही. जुनी मांड ती हीच.

घरी पोहोचल्यावर तीन व्यायाम पुरतात. एक गुडघा जमिनीला टेकवून दुसरा पाय पुढे ठेवावा आणि जांघेच्या पुढच्या भागाला ताण द्यावा. उताणे निजून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि तो गुडघा छातीकडे ओढावा. शेवटी सेतुबंधासन करावे. प्रत्येकी अर्धा मिनिट, दोन्ही बाजूंनी, रोज. वेदनाशामक गोळ्यांचा मात्र रतीब लावू नये. जठर आणि मूत्रपिंडे यांना त्याची किंमत मोजावी लागते. आणि पायातली शक्ती कमी होणे, बैठकीच्या भागात बधिरता येणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी व्यायाम करीत न बसता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

परंतु या सर्वांहून प्रभावी उपाय एकच, आणि तो म्हणजे उतरणे. दर पाऊण ते एक तासाने गाडी सुरक्षित जागी लावावी, पाच-दहा मिनिटे चालावे, खुबे मोकळे करावेत. गणपतीला मोटारसायकलने कोकणात जाणारे आमचे चाकरमानी बांधव हे सहज करू शकतात. पेण, माणगाव, महाड, खेड अशी ठिकाणे वाटेत ओळीने आहेत. पेट्रोल पंपावर किंवा चहाच्या टपरीपाशी थांबल्याने चिपळूणला तासभर उशिरा पोहोचले तर कोणाचे काही बिघडत नाही. सकाळी कचेरीत जाणाऱ्यालाही दहा मिनिटे लवकर निघून पवईच्या तलावापाशी क्षणभर उतरता येते. त्यांच्या बाबतीत विश्रांती हा सवयीचा प्रश्न आहे.

ज्याला थांबणे परवडत नाही

आता तिसऱ्या दुचाकीस्वाराकडे वळू. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील कोणत्याही महाविद्यालयात संध्याकाळच्या वर्गावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाला तो ओळखीचा आहे. तो विद्यार्थी शेवटच्या बाकापाशी येतो आणि पुष्कळदा बसतच नाही. भिंतीला टेकून उभ्याने वही लिहितो. विचारले तर ओशाळून सांगतो की, सर, दिवसभर गाडीवरच असतो, आता बसवत नाही. त्याचे वय वीस-बावीस. तो घरोघरी जेवण, किराणा, औषधे पोहोचवितो. अशी कामे करणारे अनेकजण दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास रस्त्यावर असतात. त्याला पगार नाही. खेपेगणिक पैसे आहेत. दर तासाला उतरून चाला, हा सल्ला त्याला दिला तर तो हसतो, आणि त्याचे हसणे बरोबर आहे. त्याने घेतलेली विश्रांती ही त्याने गमावलेली खेप असते. जो उपाय आपल्याला फुकट आहे तो त्याला मजुरी बुडवून विकत घ्यावा लागतो.

निती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे देशात २०२०-२१ साली अशा प्रकारच्या कंत्राटमुक्त, ॲपवरील व तत्सम कामांत ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. हे सर्वच दुचाकीवर नसतात; परंतु जे असतात त्यांची संख्या उपनगरातील कोणत्याही सिग्नलवर पाच मिनिटे उभे राहिल्यास ध्यानात येते.

कायद्याची स्थिती काय आहे? कायद्याला अपघात दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरील खड्ड्यांमुळे किंवा उघड्या गटारांमुळे मृत्यू आल्यास सहा लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हा आदेश स्वागतार्हच आहे. परंतु जो खड्ड्यात पडत नाही, पण तोच खड्डा दिवसातून वीस वेळा ओलांडतो, त्याच्या हानीला तारीख नसते, पंचनामा नसतो, साक्षीदार नसतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. तिने या कामगारांना प्रथमच कायद्यात नाव दिले, विमा व आरोग्य यांच्या योजनांसाठी कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान घेण्याची तरतूद केली. पण त्याच व्याख्येत हे काम मालक आणि नोकर या रूढ नात्याबाहेरचे ठरविले आहे. युरोपीय संघाने २००२ साली कामगाराच्या शरीराला आठ तासांत किती कंपने बसू द्यावयाची याची मर्यादा ठरविली आणि ती पाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. जेथे मालकच नाही असे कायदा म्हणतो, तेथे अशी मर्यादा पाळावयाची कोणी?

दोन रुपयांचा प्रश्न

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हा तरुण स्वखुशीने काम करतो, कोणी त्याच्यावर सक्ती केलेली नाही, आणि त्याला विश्रांती द्यावयाची तर माल महाग होईल. आक्षेपाचा पहिला भाग अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. सौदा खुला असतो तो दोन्ही पक्षांना किंमत दिसत असेल तेव्हा. पेट्रोलची किंमत त्या मुलाला आज दिसते. खुब्याची किंमत त्याला चाळिशीत दिसेल, आणि तोवर त्याचे नाव कोणत्याही कंपनीच्या यादीत उरलेले नसेल. खाजगी व्यवहाराचा जो खर्च व्यवहाराबाहेरच्यांवर पडतो त्याची चर्चा आर्थर पिगू यांनी १९२० साली केली. विल्यम कॅप यांनी १९५० साली 'सामाजिक खर्च' या नावाने तिचा विस्तार केला आणि कामगाराच्या शरीराची हानी त्यात आवर्जून धरली. येथे तोच प्रकार आहे. कामगार व्यवहाराच्या आत आहे, परंतु त्याचे म्हातारपण, त्याची बायकामुले आणि सरकारी इस्पितळ ही बाहेर आहेत.

आक्षेपाचा दुसरा भाग आकड्यांनी तपासून पाहू. दहा तासांच्या दिवसात दर दोन तासांनी दहा मिनिटांची विश्रांती दिली तर चार विश्रांती, म्हणजे चाळीस मिनिटे होतात. सहाशे मिनिटांचा हा पंधरावा हिस्सा आहे. उदाहरणादाखल एका खेपेचे तीस रुपये धरले, तर विश्रांती घेऊनही त्याची दिवसाची कमाई पूर्वीइतकीच राहण्यासाठी दर सुमारे दोन रुपयांनी वाढवावा लागेल. ज्या घरात दार उघडून पिशवी घेतली जाते, त्या घराला हे दोन रुपये जड नाहीत. ते आज दिले जात नाहीत याचे कारण एवढेच की ते कोणी मागितलेले नाहीत.

तेव्हा मागणी स्पष्टपणे केली पाहिजे. खेपेच्या दरातच विश्रांतीचे मोल धरले जावे, आणि थांबलेल्या माणसाची ॲपमधील गुणसंख्या घटू नये. सामाजिक सुरक्षेच्या निधीतून होणाऱ्या आरोग्य तपासणीत पाठ आणि खुबा यांचा समावेश असावा. डॉक्टरांनीही इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील आपल्या १७०० सालच्या ग्रंथात दिलेला सल्ला आठवावा. रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक विचारा, तुझा धंदा कोणता? दुचाकीस्वाराच्या बाबतीत त्यापुढे, रोज किती तास आणि कोणत्या सीटवर, हेही विचारले पाहिजे.

महापालिकेचे काम तर याहून सोपे आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याच्या कामाचे भूमिपूजन झाले. असे रस्ते करताना गटारांची झाकणे रस्त्याच्या पातळीत बसविणे आणि गतिरोधक ठरल्या मापाचे करणे एवढे जरी काटेकोरपणे झाले, तरी हजारो खुब्यांवरचा भार हलका होईल. चेन्नईच्या महानगरपालिकेने २०२५ साली या कामगारांसाठी वातानुकूलित विश्रांतीगृहे उघडली. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड या स्थानकांजवळ किंवा उड्डाणपुलांखाली एक-एक साधी खोली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि पाठ टेकण्यापुरते बाकडे यांसाठी वातानुकूलनाचीही आवश्यकता नाही. महापालिकेच्या पुढील अर्थसंकल्पात या चार खोल्यांसाठी तरतूद व्हावी, आणि आपापल्या प्रभागातील नगरसेवकाकडे ती आपणच मागावी. आपल्या वर्गात उभ्याने वही लिहिणाऱ्या मुलाला ती मागावयाला सवड नाही.